पिना

शिरीषा परीक्षेचं मोठ्यानं वाचते.
तिच्या पाठीला पाठ लावून बायको विड्या वळते,
मांडीवर सूप, बोटांना तंबाखूचा वास,
आणि पुस्तकातलं वाक्य फिरून फिरून कानावर:
दोघांकडेही आहे, म्हणून कोणीच वापरत नाही.
याला प्रतिरोधन म्हणतात.

मी जॉबर माणूस. चाळीस वर्षं
अशोक चौकाच्या मागं दुसऱ्यांचे माग नीट केले.
मला शब्द नवा. वस्तू जुनी.

राजेशम चिलवेरीचा कारखाना गल्लीच्या या अंगाला,
दत्तू गड्डमचा त्या अंगाला.
मधे गटार, एक कडुलिंब.
दोघांच्याही मीटरला लोहचुंबक,
दोघांनाही एकमेकांचं ठाऊक.
राजेशमनं अर्ज लिहून ठेवला वीज मंडळाच्या नावानं.
दत्तूनं पण.
पाकीट, पत्ता, तिकीट, सगळं तयार,
लोखंडी कपाटात, बालाजीच्या फोटोखाली.
दिवाळीला इकडून तिकडं फराळाचं ताट जायचं
आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता एकजण विचारायचा,
"पाकीट बरंय ना?"
दुसरा म्हणायचा, "तुझं?"

एकोणीस वर्षं.

तेव्हा या अंगाचे टॉवेल रशियाला जायचे,
त्या अंगाचे अमेरिकेला.
सूत एकाच व्यापाऱ्याचं, रंग एकाच हौदातला,
गठ्ठे एकाच ट्रकात एकमेकांवर रेलून.
मला वाटायचं, तिकडची ती दोन माणसं
सकाळी एकाच सुताला तोंड पुसत असतील
आणि मग आपापल्या बटणाशेजारी जाऊन बसत असतील,
हात कोरडे करून.

दत्तू मे महिन्यात गेला. चव्वेचाळीस डिग्री,
स्मशानात चप्पल काढवेना.
दिवस झाले, मग त्याच्या सत्यमनं कपाट आवरलं.
पाकिटावर पत्ता होता. तिकीट होतं.
बापाचं राहून गेलेलं काम,
म्हणून पोरानं ते टपालात टाकलं.

राग नव्हता बे. पोरगं सरळ होतं.

भरारी पथक राजेशमच्या दारात आलं
आणि तासाभरात राजेशमचं पाकीटही निघालं,
टपालानं नाही, हातानंच.
चौतीस माग. दोन कुलपं, एकाच लाखेचं सील.
त्या रात्री सगळी गल्ली दचकून उठली,
आवाजानं नाही,
खटखट थांबली म्हणून.

मालकांनी दंड भरला, पुढं सुटले.
कांड्या भरणारी नरसम्मा सुटली नाही,
भिवंडीला गेलेला इस्माईल परत आला नाही.
त्यांच्याकडं पाकीट नव्हतं.
कपाटात असलं काही आहे,
त्याच्या जिवावर आपण एकोणीस वर्षं जेवतोय,
हे त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

पोरी, नव्या मागाला बघ,
ताण्याच्या दर धाग्यावर एक पिन लटकते.
दोन हजार चारशे धागे, तितक्याच पिना.
कुठलाही एक तुटू दे, त्याची पिन पडते
आणि अख्खा माग जागच्या जागी उभा राहतो.
कुणा शहाण्यानं बसवलंय ते:
मोडलं की थांबावं.
त्या मोठ्या लोकांनी उलटं जोडलंय.
तिथं धागा तुटला की
सगळं चालू होतं.

शिरीषा म्हणते, "पप्पा, हे किती मार्काला लिहू?"

बायकोनं पंचविसाची जुडी बांधली, दोरा दातानं तोडला.
मघापासून गप्प होती. आता तेलुगूत म्हणाली,
"सत्यमला कुणी सांगितलं नव्हतं का,
हे टाकायचं नसतं म्हणून?"

पंखा फिरत होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो.
कपाटाचं बिजागर त्या दिवशी
मीच बसवत होतो.