रंगाचा डबा

सकाळी सहाला मी भिंतीखाली उतरतो,
पाण्यातली पट्टी वाचतो
आणि आकडा फोनवरून लुसाकाला सांगतो.
एकवीस वर्षं हेच.
चूल्वे स्यामाताम्बो, मापक, दुय्यम श्रेणी.

या वर्षी पाणी पट्टीच्या खाली गेलं.
शून्यानंतर नुसतं काँक्रीट, वाळून पापुद्रे सुटलेलं शेवाळ.
धरण बांधणाऱ्यांना वाटलंच नसेल
की इतक्या खाली कुणाला काही वाचावं लागेल.

मी अर्ज केला:
पांढरा रंग, डबा एक. काळा, अर्धा. ब्रश.
उत्तर आलं, खर्चाला स्थगिती आहे,
धनकोंशी बोलणी चालू आहेत.

तेव्हापासून मी शून्यापासून दोरी सोडतो,
टोकाला दगड, हातहातभर अंतरावर गाठी.
"आज काय?" पलीकडची बाई विचारते.
"उणे सात गाठी."
"गाठी रकान्यात बसत नाहीत," ती म्हणते,
तरी काहीतरी लिहिते.

मागल्या मंगळवारी पाहुणे आले. तीन गाड्या.
सहा टर्बाइनांतलं एक फिरत होतं, त्याच्यापाशी फोटो झाले.
मग म्हणाले, पट्टी वाढवावी लागेल.
मी म्हटलं, हो साहेब, मी चार महिने तेच लिहितोय,
नुसता एक डबा रंग लागेल.
ते एकमेकांकडे बघायला लागले.
एकाने पाण्याकडे पाठ करून विचारलं,
युनिटमागे किती वाढलं तर तुमच्या गावाला परवडेल?
आमच्या गावात खांब आहेत, मी म्हणालो.
त्यांच्यावर बगळे बसतात.

ट्रक आले तेव्हा आई नऊ वर्षांची होती.
देशात दिवे लागायचेत, घरादारावर पाणी सोडा,
असं सांगितलं गावाला.
आणि मग खरंच सोडलं.

ती आज कुदळ घेऊन खाली आली,
चिखल सुकून भेगाळलाय तिथवर,
मेलेल्या झाडांच्या खुंटांतून वाट काढत.
वरच्या वावराचा बांध तिने पायाने ओळखला.
आत्याचा पाटा सापडला, अर्धा.
तो उलटा करून तिने वरचा गाळ पदराने पुसला.
"फेडायला लागलंय बघ," ती तळ्याकडे हात करून म्हणाली.
"उशिरा का होईना."

मी समजावलं.
वर अंगोलात पाऊस झाला की नदी भरेल,
नदी भरली की टर्बाइन फिरतील,
सिचिम्बाचं वेल्डिंगचं दुकान
रात्री दोनऐवजी दिवसा उघडेल,
दवाखान्यातल्या लसी टिकतील,
सरकारला चार पैसे सुटतील, हप्ता जाईल.
आणि हे सगळं बुडेल, आई.

"कधी?"
ते मला कसं ठाऊक असणार?
"मक्याला नव्वद दिवस लागतात," ती म्हणाली,
जणू तारीख मीच ठरवतो,
आणि दाणे टाकत पुढे गेली.

एकोणसाठ दिवस झाले.
आज दगड सहाव्या गाठीलाच बुडाला.
मी दोरी वर ओढली, पुन्हा सोडली.
पुन्हा सहा.
फोनवरची बाई म्हणाली, "वा! हे आधी लिहून घेते,"
आणि मला पहिल्यांदाच नाव विचारलं.

दुपारी पत्र आलं, रंगाचा डबा मंजूर.
नेमकं कुठे रंगवायचं
ते नकाशासह कळवा म्हणतात.

मक्याला आता कुठे तुरे आलेत.