एकच वाल

लक्ष्मीपूजनाच्या रात्री माहीमला वहिनी वाल भिजत घालते
आणि इकडे पार्ल्यात माझं पोट
दचकून जागं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, "आतडं हळवं आहे तुमचं."
बावन्न वर्षांत मला हळवं म्हणणारा
तो पहिलाच माणूस.
त्यानं एक कागद दिला. कांदा नको, लसूण नको,
मैदा, दूध, कडधान्यं नको,
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत:
ताण घेऊ नये.
तो कागद फ्रिजवर आहे, आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
आंबाही नको-च्याच रकान्यात आहे.

शितळादेवीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
ओवाळून झालं. ताटं मांडली.
सोड्याची खिचडी, कोलंबीचं खडखडलं,
खाजाचे कानवले, पदर सुटलेले, पांढरेशुभ्र,
आणि मधोमध पातेलंभर बिरडं.
वाल आणि वात, एका अक्षराचा तर फरक.
कुमुदआत्या म्हणाली, "घे गं, सणाचं बाधत नाही."
आत्या, माझ्या आतड्यांना
पंचांग वाचता येत नाही.

आपल्याकडे सगळं पोटातच ठेवायची रीत.
माया पोटात, राग पोटात,
दुसऱ्याचे अपराध तर घालायचेच पोटात.
आणि पोटात दुखतंय म्हणावं, तर विचारतात,
कुणाचं बरं चाललेलं बघवत नाही तुला?

तीन वर्षांपूर्वी मी सगळं खाल्लं होतं.
सगळं. दोनदा बिरडं. वहिनीचा चेहरा बघून
तिसऱ्यांदाही.
आणि मग ती मोरीशेजारची खोली,
फुगलेलं दार, अर्धीच लागणारी कडी,
भिंतीपलीकडे तेरा माणसं
पान खात, अचानक गप्प झालेली.
मी नळ सोडला. पाणी गेलेलं.
देवा, म्हटलं, निदान कुणीतरी खोक.

तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.
घर्रर्र, तीनवर, बंदच होईना.
जेवणं झाल्यावर, भाऊबीजेच्या दुपारी,
कोण मिक्सर लावतं?
बाहेर आले तेव्हा दादा खिडकीतून
समोरच्या गच्चीकडे बघत उभा होता.
"चटणी करत होतो," म्हणाला.
भांडं कोरडं ठणठणीत होतं.

त्या वर्षी पाकिटात किती घातले होते त्यानं,
मला आठवत नाही.

यंदा मी पिशवीत डबा लपवून नेला.
गुरगुट्या भात, वर मीठ आणि आल्याचा कीस.
तो उघडायची वेळ आलीच नाही.
वहिनीनं माझं ताट आधीच वेगळं वाढलं होतं, न बोलता:
मऊ भात, तूप, भाजलेला पापलेटचा तुकडा,
आणि छोट्या वाटीत बिरड्याचा नुसता रस,
नारळाचा, हिंगाचा, आमसुलाचा,
कांद्याच्या आधी बाजूला काढलेला.
तळाशी एक वाल.
एकच, मोड न मोडता सोललेला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढा चालेल ना?

मी तो खाल्ला. घाई केली नाही.
आधी कडवट लागला, मग पिठूळ,
मग कुठेतरी मागे, गोड.
इतका वेळ एकाच दाण्यात राहता येतं
हे मला कळलं नव्हतं, ढिगानं खात होते तेव्हा.

चारच्या सुमाराला, पत्ते पिसताना, पोट बोललं.
बऱ्यापैकी मोठ्यांदा.
आत्यानं चष्मा वर केला.
दादा न विचारता उठला, ओट्याशी गेला.
"बस रे," मी म्हटलं, "काही नाही.
नुसतं बोलतंय."

तो तरी थांबलाच थोडा वेळ,
बोट बटणावर ठेवून.