प्रतवारी

बारा वर्षं मी गुलाबांचे देठ मोजते.
चाळीस, पन्नास, साठ, सत्तर.
सत्तर मॉस्कोला जातो, चाळीस कुठेही,
आणि वाकडा, किंवा पाकळीवर डाग पडलेला,
त्याला आम्ही म्हणतो नासिओनाल,
म्हणजे आपल्याच देशात खपवायचा.
पॉलिहाऊसच्या प्लास्टिकमधून कायांबे दिसतो
पाणी घातलेल्या दुधासारखा.
त्याच्याच बर्फाचं पाणी ठिबकतं मुळांशी.
वर जावं असं कधी मनातही आलं नाही.

फेब्रुवारीचा हंगाम सरला,
सोळा-सोळा तास उभ्यानं काढून पाय सुजले होते, ते उतरले,
आणि होल्गेर लांचिम्बा, माझ्या मावसबहिणीचा दीर,
परदेशी माणसं दोरीला बांधून वर नेणारा,
म्हणाला, दिग्ना, एक गिऱ्हाईक गळालंय. येतेस?
मी विचारलं, बूट कुणाचे?
म्हणाला, गळालेल्याचे.

रात्री अकराला उठवलं.
झोपलं होतं कोण!
दालचिनी घातलेलं गुळाचं पाणी,
एक बिस्कोचो, तो घशाखाली उतरेना.
पुढे होल्गेर, मधे मी,
मागे माटेय, स्लोव्हेनियाचा दातांचा डॉक्टर.
त्यानं माझ्या कमरेची गाठ दोनदा ओढून पाहिली,
जशी मी गठ्ठ्याची पाहते.

थंडीचं मला काय कौतुक!
कोल्डरूममध्ये दोन अंशांत जेवणाची सुट्टी कमी करून राबलेय मी.
पण त्या थंडीला दार असतं.
आणि दाराला आतून कडी नसते.

खिळे बर्फात रुतायचे, कर्र,
मग दुसरा पाय, कर्र,
दिव्याच्या उजेडात फक्त होल्गेरच्या टाचा
आणि दोरीचा तेवढाच तुकडा, सापासारखा, पुढे सरकणारा.
एका भेगेवरून उडी मारायला लावली.
आत पाहू नको म्हणाला. पाहिलं.
निळं होतं. खाली खाली निळं,
आणि खालून वास आला, अंड्याचा, गंधकाचा:
म्हणजे म्हातारा आत जागा आहे.

चारनंतर मोजणी बिघडली.
दहा पावलं, थांब. सात, थांब.
तीन.
छातीचा भाता चालत होता, हवा मात्र कुणीतरी आधीच वापरलेली.
बर्फावर गुळाचं पाणी ओकले,
आणि मनात काय यावं, तर हे पुसायला फडकं कुठं मिळेल.

होल्गेरनं घड्याळ पाहिलं.
या चालीनं दोन तास, म्हणाला. नवाला बर्फ मऊ पडतं.
पुढचं बोलला नाही.
एका दोरीत तिघं असले
की एकाचं नको तिघांचं होतं.
नऊ हजार किलोमीटरवरून आलेला माणूस मागे उभा,
आणि मी, खालच्याच गावची.
मी म्हटलं, नको.
वाऱ्यात ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

माटेय काही बोलला नाही.
खिशातून चॉकलेट काढलं, दगड झालेलं,
दातानं तोडून अर्धं मला दिलं.
माझे डोळे वाहत होते, ते वाऱ्यानं, असं ठरवलं.

तेवढ्यात उजाडलं.
डोंगराची सावली दरीवर पडली होती, टोकदार,
जिथं मी पोचले नाही तेच टोक
गावाच्या पलीकडे, शेतात आडवं पडलेलं.
मग सावली आखडू लागली
आणि खाली चमकू लागली दुसरी हिमनदी,
चौकोनी चौकोनी, पांढरी.
आमचं प्लास्टिक.
आमचा ब्लॉक कुठला ते मी बराच वेळ शोधत राहिले.
होल्गेरनं दोरी हलवली, चल.

सोमवारी तार्हेलियानं विचारलं, पोचलीस?
तीनशे मीटर कमी पडले.
ती पट्टीशी देठ लावत होती.
मग नासिओनाल, म्हणाली, आणि खो खो हसली.
मीही हसले. अंगठ्याचं नख बुटात ठणकत होतं,
जांभळं झालं होतं, पडणारच होतं.

दुपारी कुणी नाहीसं बघून
ठिबकच्या नळीखाली बोट धरलं.
कोमट होतं.