कि.मी. ३/१२१

जतच्या पंपावर शंभराचं टाकलं.
काटा शून्यावरून निघाला
आणि मला नेहमीची खोड:
यात तेल किती, कर किती,
आणि कर जिथं जातो तिथून
आमच्या उपविभागापर्यंत
परत किती येतं.

मागं अमोगसिद्ध. मांडीवर टेप, पायात चुन्याची पिशवी.
मैलमजूर म्हणून बत्तीस वर्षं झाली त्याची.
म्हणाला, साहेब, चार किलो द्राक्षं शेडवर टाकली
की किलोभर बेदाणा हाताला लागतोय.
सरकारचं बी तसंच.
वाळूनच येतंय.

ग्रामीण मार्ग, लांबी अकरा किलोमीटर.
मंजूर तीन.
बाकी आठ ‘पुढील वर्षी प्रस्तावित’.
हे वाक्य सहा वर्षं मी
फक्त साल बदलून छापतो.

खड्डे मोजत निघालो.
मी लिहायचो लांबी, रुंदी, खोली.
तो नावं सांगायचा.
हा बँडवाल्यांचा: ढोल इथं फुटला, वरात मुकी गेली.
हा तलाठ्याचा. दोनदा.
हा अजून कुणाचाच न्हाई,
बारसं व्हायचंय.

तीन किलोमीटर एकशेएकवीसला
टेप न सोडताच थांबला.
ह्यो निलव्वाचा.

निलव्वा बिराजदार. मोपेडवर पत्र्याचा डबा,
डब्यात खानावळींसाठी कडक भाकरी.
चारशे होत्या त्या दिवशी.
एक अख्खी राहिली नाही.
खुब्याचं हाडही.

आता दारात बसून असते.
सुनेला पाणी आणायला लावलं आणि म्हणाली,
रोज पन्नासचं पेट्रोल घालत हुते, अकरा वर्षं.
पंपावरचा पोरगा म्हणायचा, मावशी,
त्यातलं वीस सरकारचं, रस्त्याला.
मग माझा रस्ता कुठवर आलाय?

कराचा पैसा एकाच हौदात पडतो,
त्यावर कुणाचं नाव नसतं,
असं प्रशिक्षणात शिकवलेलं.
तेच तिला सांगितलं.
ती म्हणाली, बरं.

रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.
वर्षाचे तीनशे दिवस धरले;
जत्रा, सुतकं, तापाचे दिवस वजा.
सहासष्ट हजार.
मीटरला दर साडेतीन हजार.
एकोणीस मीटर, जवळजवळ.

मंजूर काम ०/००० ते ३/०००.
तिचा खड्डा हद्दीच्या बाहेर, एकशेएकवीस मीटर.
मी खोडरबर शोधला.
फाट्यावरचे पहिले एकशेचाळीस,
जिथं माजी सभापतींच्या मंगल कार्यालयाची कमान आहे,
त्यांच्यापुढं लिहिलं: ‘पृष्ठभाग समाधानकारक’.
खोटं नाही. तिथं दर लग्नसराईआधी
कुठून तरी डांबर येतंच.
काम ०/१४० ते ३/१४०.
खड्ड्यापासून पुढं मोजा.

वरून पत्र आलं.
प्रारंभ शून्यापासून का नाही,
सात दिवसांत खुलासा करावा.

आज सहावा.
अमोगसिद्ध दारातून विचारतोय,
चुना कुठवर मारू?
एकशेचाळीसपर्यंत मार, म्हटलं,
पत्राचं मी बघतो.

आणि ते ‘जवळजवळ’ मला टोचत होतं,
म्हणून पुन्हा भागाकार केला:
अठरा मीटर शहाऐंशी सेंटिमीटर.
राहिलेले चौदा
माझ्या पेट्रोलचे.