मागचा डावा हूक

रॅम्प नीट बसला नाही की बझर वाजतो.
मे महिन्यात मात्र तो खोटं बोलतो.
भुसावळचं ऊन सेहेचाळीसवर गेलं
की पत्रा फुगतो, बटण दबत नाही,
आणि दार घट्ट लागलेलं असूनही
जळगाव येईपर्यंत गाडी कोकलत राहते.
युसूफ मिस्तरी म्हणाले, वायरच काढून टाकू का, ताई?
मी नको म्हटलं.
खोटं बोलणाऱ्याचंही थोडं ऐकून ठेवावं.

ही आधी शाळेची व्हॅन होती.
खिडकीखाली खिळ्याने कोरलेलं अजून आहे: चेतन ढ आहे.
बाकडी काढली, तळाला रूळ ठोकले,
चार पट्टे, चार हूक,
मधोमध अण्णांची खुर्ची.

पहिले काही महिने सगळं एकत्रच आदळायचं कानावर,
भांड्यांची पाटी जिन्यावरून सुटल्यासारखं.
मग एकेक आवाज वेगळा निघाला.
ब्रेक दाबल्यावर किर्र, म्हणजे पॅड झिजले,
या आठवड्यात दाखवायचे.
साठच्या पुढे घूंऽऽ, वळणावर आणखी मोठं,
ते बेअरिंग, ते उद्यावर टाकायचं नाही.
आरशाजवळची टकटक काही नाही,
आईने बांधलेलं लिंबू वाळून दगड झालंय.
आणि मागच्या डाव्या हुकाची सैल जीभ:
खुळ्ळ, खुळ्ळ, प्रत्येक खड्ड्याला.
तिच्याकडे मी लक्ष देणंच सोडलं होतं.

अण्णा एकतीस वर्षं यार्डात होते.
रात्री गाडी येऊन उभी राहिली
की लांब दांड्याची हातोडी घेऊन
एकेका चाकाला टण्, पुढे, टण्, पुढे.
मी विचारलं होतं एकदा, त्यात ऐकता काय तुम्ही?
"चांगलं चाक गातं, पोरी.
तडकलेलं गात नाही.
मार खातं आन् गप ऱ्हातं."

दोन वर्षांमागे उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं.
डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर ठोकतात आता.
आई विचारते, "काय वाजवून ऱ्हायले? भूक लागली का?"
बहुतेक वेळा लागलेलीच असते.

परवा फिजिओथेरपीला निघालो होतो.
साकेगाव आलं, पुढे केळीचा ट्रक,
बझर चालूच.
अण्णांनी ठोकलं. थांबले. पुन्हा ठोकलं.
मी म्हटलं, नशिराबाद येऊ द्या, चहा घेऊ.
ठोकलं.
आईने पिशवीतून केळं काढून सोललं.
त्यांनी तोंड फिरवलं
आणि ठोकलं.

मग मी पंखा बंद करून कान दिला.
किर्र नाही. घूं नाही.
लिंबू आपलं टकटकतंय.
सगळं ठीक, नेहमीपेक्षाही ठीक,
रस्ता कुणी रात्रीतून नवा केल्यासारखा.
पण रस्ता तोच होता, खड्डे तेच,
आणि मागे खुळ्ळ नव्हतं.

वाघूरच्या पुलाअलीकडे, निंबाच्या सावलीला गाडी घेतली.
रॅम्प उघडला.
डावा हूक रुळातून निघून
रबरी मॅटवर आडवा पडला होता, मऊ जागी.
खुर्ची तीन पट्ट्यांवर उभी,
एक चाक बोटभर तिरकं.
माझ्या हाताला घाम आला होता, हूक दोनदा निसटला.
तिसऱ्यांदा बसला. पट्टा ओढला. अंगाचा जोर लावून हलवून पाहिला.

अण्णांनी हात लांब करून पट्ट्यावर बोट मारलं,
मान तिरपी केली,
बराच वेळ तशीच धरली.
नंतर तो हात वर करून हलवला,
समोर हिरवा दिवा धरून कुणी उभं असावं तसा.

"आता तरी खा," आई म्हणाली.
केळं उन्हाने काळं पडलं होतं. खाल्लं त्यांनी.

नशिराबादपर्यंत मागून खुळ्ळ, खुळ्ळ.
बझर कोकलतच होता.
असू दे.