दुकानातला काटा

माझ्या दुकानातला काटा पंधरा किलोंपर्यंतच मोजतो.
साखर, खिळे, कुत्र्यांसाठी सुकवलेले मासे,
आणि नर्स गावात नसली की
एखादं कालच जन्मलेलं बाळ.

मंगळवारी दार उघडलं
तर समोर खाडी नव्हती.
मान मागे नेता नेता टोपी पडली,
तरी वर आणखी बर्फ होताच.

रात्रभर सरकत आला होता,
एकाही कुत्र्याला न भुंकवता.
इनूराकचे हॅलिबटचे गळ, आठशे आकडे,
त्याच्या बुडाखाली गेले.
"हिमनगाचं टोक म्हणतात," तो थुंकला,
"टोक असं असतं?"

खालच्या घरांतली माणसं गाद्या घेऊन शाळेत गेली.
हेलिकॉप्टरने नूकहून एक इंजिनिअर आला,
तिकाटणं रोवून म्हणाला, ऐंशी लाख टन.
दक्षिण ध्रुवाकडे तर बेटांएवढे सुटतात,
त्यांना नुसती अक्षरं आणि आकडे देतात.
मी त्याला कॉफी दिली. टन मला कळत नाही.

तुकुम्मेक, वय सहा, काउंटरला लोंबकळत:
"बिबिआने, अजून किती मोठा होईल तो?"

होऊन झाला, म्हटलं.
डोंगरांमागे, बर्फावर बर्फ पडत,
हजारो वर्षं, आईच्या अंगाला चिकटून.
सुटला त्या दिवशी होता तेवढाच मोठा.
आता नुसतं झिजणं.
(माझा मुलगा ऑलबोर्गला असतो.
हे तिला सांगितलं नाही.)

तिला पटलं नाही.
हात लांब करून, एक डोळा मिटून
रोज संध्याकाळी ती मुठीने मोजायची.
चार मुठी. चार.
शुक्रवारी पाच.
"बघ!"
कलंडला होता जरासा, झोपेत कूस बदलावी तसा.
लाट माझ्या पायरीपर्यंत आली, परत गेली.
मी काहीच बोलले नाही. पाच म्हणजे पाच.

अमावास्येच्या भरतीने त्याला उचललं.
सकाळी खाडी उगाचच मोठी वाटत होती,
आणि स्वयंपाकघरात ऊन इतकं
की भांडी अनोळखी दिसली.

तुकुम्मेकने किनाऱ्यावरून एक तुकडा आणला,
कोटात गुंडाळून, ओठ निळे.
काट्यावर ठेवला. तीन किलो दोनशे.
"आणि मी?"
दोन आठशे, म्हटलं. इथेच. याच काट्यावर.
तू रडत होतीस, म्हणून आकडा नीट थांबेना.

ती बराच वेळ बघत राहिली.
पाणी काट्याच्या कडेवरून
उधारीच्या वहीवर ठिबकत होतं.
तीन एकशे नव्वद.
तीन एकशे ऐंशी.
मी फडकं शोधू लागले.