टॉवेलावरची नक्षी

अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून
लॉट उचलला होता, वजनावर.
मालक म्हणाला, ऑर्डर फिरली, ने स्वस्तात.
मऊ माल. पांढराशुभ्र.
आणि काठाला लाल दोऱ्यात
एक नक्षी, ओळीनं, वेलीसारखी,
सुरुवातीला एक टिंब, शेवटी दोन उभ्या रेघा.
मी गिऱ्हाइकाला तीच दाखवायचो:
बघा की, काठ कसा भरलाय.

मंगळवार बाजारात चाळीस गेले एका झटक्यात.
मोहोळची बाई, घाईत,
पोरीचं लग्न आहे म्हणाली,
टोपी-टॉवेलाच्या आहेराला पाहिजेत.
तिनं काठावरनं अंगठा फिरवला,
छान आहे म्हणाली.
आम्ही दोघंही नक्षीच बघत होतो.

चौथ्या दिवशी तीन माणसं आली.
एकानं टॉवेल माझ्या तोंडापुढं धरला.
वाच बे.
म्हटलं, चष्मा घरी राहिलाय.
हा चष्मा मी तीस वर्षं घरी विसरतोय,
बँकेत, रेशनला, पोराच्या शाळेत,
हुंडेकऱ्याच्या पावतीवर सही मागितली तेव्हा.
वाच.
शेवटी शेजारच्या शेंगाचटणीवाल्या शांतवीरच्या पोरीनं,
नववीत आहे ती,
माझ्याऐवजी वाचलं, शाळेतल्यासारखं मोठ्यानं:
कै. गुरुसिद्धप्पा मास्तर यांच्या
प्रथम पुण्यस्मरणार्थ.

भर मांडवात
व्याह्यांच्या खांद्यांवर
चाळीस वेळा.

पैसे परत दिले. वर हजार दिले.
कॉलर धरली ती त्यांनी धरलीच.
त्याचं काही नाही.
ती बाई लांब रिक्षात बसलेली, मान खाली.
तिला घरात कोण काय बोललं असेल
ते मला न वाचता कळतं.

पोरीला विचारलं, यात मेलेलं अक्षर कुठलं गं?
तिनं बोट ठेवलं.
क, वर दोन मात्रा.
तेवढं एक शिकलो, बासष्टाव्या वर्षी.

आता ते जिकडंतिकडं दिसतं.
चहाच्या गाड्यावर.
लोणच्याच्या बरणीवर.
परवा एका टेम्पोच्या मागं, केवढं मोठं, पिवळं.
छातीत धस्स होतं, पोरीला हाक मारतो.
ती बघते, हसते.
आप्पा, कैलास आहे ते.
आप्पा, कैरी.

उरलेले टॉवेल घरीच वापरतो.
सकाळी तोंड पुसताना
मास्तर गालाला लागतात,
लाल दोरा अजून थोडा खरखरीत आहे.